आयरिश उठाव (१७९८) व त्याची स्मृती

आयर्लंडमधील ब्रिटिश सत्तेविरुद्ध १७९८ च्या मे ते सप्टेंबर या काळात झालेला सशस्त्र उठाव. ‘युनायटेड आयरिशमेन’ या संघटनेने फ्रान्सच्या साहाय्याने आयर्लंडमध्ये स्वतंत्र प्रजासत्ताक स्थापन करण्याच्या उद्देशाने तो घडवून आणला. उठाव काही महिन्यांतच चिरडला गेला. त्यात दहा हजारांपासून तीस हजारांपर्यंत माणसे मृत्युमुखी पडली असावीत, असे निरनिराळे अंदाज आहेत. लष्करी दृष्ट्या अयशस्वी ठरलेला हा उठाव आयरिश लोकांच्या सामुदायिक स्मृतीत मात्र दोन शतकांहून अधिक काळ जिवंत राहिला. बंडवाल्यांच्या वंशजांनी कोठे त्याचा अभिमान बाळगला, कोठे त्याविषयी मौन पाळले, तर उठावात बळी पडलेल्या राजनिष्ठांच्या वंशजांनी त्याकडे एक जुनी जखम म्हणून पाहिले. या भिन्न स्मृतींचा आयर्लंडच्या पुढील राजकारणावर खोल परिणाम झाला.

पार्श्वभूमी : अठराव्या शतकात आयर्लंडची सुमारे तीन-चतुर्थांश प्रजा कॅथलिक होती, परंतु भूमी, अधिकारपदे व डब्लिन येथील संसद ही सर्व अँग्लिकन पंथीय अल्पसंख्याकांच्या हाती होती. कॅथलिकांवर दंडात्मक कायद्यांनी अनेक निर्बंध लादले होते. उत्तरेकडील अल्स्टर प्रांतातील प्रेसबिटेरियन हे प्रॉटेस्टंट असले, तरी त्यांनाही पूर्ण नागरी हक्क नव्हते. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध व फ्रेंच राज्यक्रांती यांच्या विचारांचा प्रभाव या दोन्ही समाजांतील सुशिक्षितांवर पडला. ऑक्टोबर १७९१ मध्ये बेलफास्ट येथे व लगेच डब्लिन येथे युनायटेड आयरिशमेनची स्थापना झाली. वुल्फ टोन (१७६३–९८), टॉमस रसेल, नॅपर टँडी हे तिचे आरंभीचे पुढारी होत. हे सर्व प्रॉटेस्टंट होते, ही गोष्ट लक्षणीय आहे. धर्मभेद बाजूला सारून सर्व आयरिशांनी एकत्र यावे व संसदेची सुधारणा घडवून आणावी, ही त्यांची मूळ मागणी होती.

१७९३ च्या कायद्याने कॅथलिकांना मताधिकार मिळाला, तरी संसदेत बसण्याचा हक्क मिळाला नाही. फ्रान्सशी युद्ध सुरू झाल्यावर शासनाने १७९४ मध्ये संघटनेवर बंदी घातली आणि ती शपथबद्ध गुप्त संघटना बनली. डिसेंबर १७९६ मध्ये सेनापती ऑश याच्या नेतृत्वाखाली निघालेले फ्रेंच आरमार वादळामुळे बँट्री उपसागरातून परत फिरले. त्यानंतर शासनाने अल्स्टरमध्ये शस्त्रे हुडकण्याच्या निमित्ताने घरे जाळणे, फटके मारणे असे कठोर उपाय योजले. १७९५ मध्ये स्थापन झालेल्या ऑरेंज ऑर्डर या प्रॉटेस्टंट संघटनेमुळे धार्मिक तेढही वाढली. मार्च १७९८ मध्ये लेन्स्टर प्रांतातील बहुतेक पुढारी पकडले गेले. मे महिन्यात लॉर्ड एडवर्ड फिट्सजेरल्ड जखमी अवस्थेत हाती सापडला व पुढे तुरुंगात मरण पावला. प्रत्यक्ष उठावाच्या वेळी संघटना अशा रीतीने नेतृत्वहीन झाली होती.

उठावाचे स्वरूप : २३ मे १७९८ च्या रात्री डब्लिनहून निघणाऱ्या टपालगाड्या अडवून उठावाला प्रारंभ झाला. राजधानीत तो फसला, परंतु आसपासच्या परगण्यांत पसरला. आग्नेयेकडील वेक्सफर्ड परगण्यात त्याला सर्वाधिक यश लाभले. तेथे बूलाव्होगचा धर्मगुरू फादर जॉन मर्फी याच्यामागे मोठा जमाव उभा राहिला. लांब दांड्याचे भाले हे बंडवाल्यांचे मुख्य शस्त्र होते. फ्रेंच क्रांतिकारकांच्या धर्तीवर केस आखूड कापण्याच्या प्रघातामुळे त्यांना ‘क्रॉपी’ हे नाव पडले. औलर्ट, एनिस्कॉर्थी व वेक्सफर्ड शहर त्यांनी काबीज केले. तथापि ५ जून रोजी न्यू रॉस व ९ जून रोजी आर्कलो येथे त्यांचा पराभव झाला. न्यू रॉसच्या लढाईच्या दिवशीच स्कलाबोग येथे कोठारात कोंडलेल्या शंभराहून अधिक राजनिष्ठ कैद्यांना बंडवाल्यांनी ठार मारले; त्यांपैकी बहुतेक प्रॉटेस्टंट होते आणि बायका-मुलांचाही त्यांत समावेश होता. २० जून रोजी वेक्सफर्डच्या पुलावरही कैद्यांची कत्तल झाली. २१ जून रोजी व्हिनेगर हिल येथे जनरल जेरार्ड लेक याने बंडवाल्यांचा मुख्य तळ उद्ध्वस्त केला. त्यानंतरच्या सूडसत्रात सैन्यानेही असंख्य निःशस्त्र लोकांना मारले.

उत्तरेत अँट्रिम व डाउन या परगण्यांत मुख्यतः प्रेसबिटेरियन शेतकरी व कारागीर उठले. हेन्री जॉय मॅक्रॅकन याचा ७ जून रोजी अँट्रिम येथे, तर हेन्री मन्रो याचा १३ जून रोजी बॅलिनाहिंच येथे पराभव झाला व दोघांनाही फाशी देण्यात आले. २२ ऑगस्ट रोजी जनरल अँबेर याच्या नेतृत्वाखाली सुमारे एक हजार फ्रेंच सैनिक पश्चिमेस मेयो परगण्यात उतरले. कॅसलबार येथे त्यांनी लेकच्या फौजेची दाणादाण उडविली. परंतु ८ सप्टेंबर रोजी बॅलिनामक येथे त्यांना शरण जावे लागले. फ्रेंचांना युद्धकैद्यांची वागणूक मिळाली. त्यांच्या आयरिश साथीदारांची मात्र कत्तल झाली. वुल्फ टोन फ्रेंच जहाजावर पकडला गेला आणि १९ नोव्हेंबर १७९८ रोजी डब्लिनच्या तुरुंगात मरण पावला. १ जानेवारी १८०१ पासून आयर्लंडची स्वतंत्र संसद रद्द होऊन ते ग्रेट ब्रिटनशी जोडण्यात आले.

या उठावाचा मराठ्यांच्या इतिहासाशीही एक दुवा आहे. उठाव मोडून काढणारा लेक हाच १८०३ मध्ये हिंदुस्थानात इंग्रजांचा सरसेनापती होता. दिल्ली व लासवारी येथे त्याने दौलतराव शिंद्यांच्या कवायती फौजांचा पराभव केला. त्या वेळी आयर्लंडचा राजप्रतिनिधी असलेला लॉर्ड कॉर्नवॉलिस हा त्यापूर्वी हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल होता आणि १८०५ मध्ये त्याच पदावर परत येऊन गाझीपूर येथे मरण पावला. [⟶ इंग्रज-मराठे युद्धे].

स्मृतीची घडण : उठाव शमताच त्याच्या अर्थाविषयी वाद सुरू झाला. सर रिचर्ड मस्ग्रेव्ह याने १८०१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इतिहासात उठाव हा प्रॉटेस्टंटांच्या निर्दाळणाचा कॅथलिक कट होता, असे प्रतिपादन केले. स्कलाबोगची हकीकत या ग्रंथाने राजनिष्ठ घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या जागती ठेवली. उलट एडवर्ड हे याने १८०३ च्या आपल्या ग्रंथात वेक्सफर्डमधील उठाव शासनाच्या जुलमामुळे झाला, असे दाखविण्याचा प्रयत्न केला. टोनची विधवा मटिल्डा व मुलगा विल्यम यांनी अमेरिकेत आश्रय घेतला होता. त्यांनी टोनचे आत्मवृत्त व रोजनिशी १८२६ मध्ये वॉशिंग्टन येथे प्रसिद्ध केली. १८४२ पासून डॉ. रिचर्ड मॅडन (१७९८–१८८६) याने युनायटेड आयरिशमेनची चरित्रे अनेक खंडांत प्रकाशित केली. हयात असलेले बंडवाले, त्यांच्या विधवा, बहिणी व मुले यांना भेटून त्याने माहिती मिळविली. हेन्री जॉय मॅक्रॅकनची बहीण मेरी ॲन (१७७०–१८६६) हिने त्यास बहुमोल साहाय्य केले. भावाच्या मागे त्याच्या मुलीचा सांभाळही तिनेच केला होता. अशा रीतीने या उठावाच्या इतिहासाचा बराचसा भाग आप्तांनी जतन केलेल्या आठवणींवर उभा राहिला.

१८७० मध्ये फादर पॅट्रिक कॅव्हनॉ या फ्रान्सिस्कन धर्मगुरूचा लोकप्रिय इतिहास प्रसिद्ध झाला. त्यात धर्मगुरूंचे नेतृत्व ठळक करण्यात आले, तर गुप्त संघटनेचे महत्त्व कमी लेखले गेले. त्या काळी फेनियन या गुप्त क्रांतिकारी संघटनेला चर्चचा विरोध होता, हे त्यामागील एक कारण होय. १८९८ च्या शताब्दीत हेच चित्र सर्वत्र रूढ झाले. भालाधारी शेतकरी व त्याच्या शेजारी धर्मगुरू, ही प्रतिमा लोकांच्या मनात ठसली. ऑलिव्हर शेपर्ड या शिल्पकाराचे वेक्सफर्ड (१९०५) व एनिस्कॉर्थी (१९०८) येथील पुतळे त्याची साक्ष देतात. शताब्दीनिमित्त स्थापन झालेल्या मंडळांतून तरुण राष्ट्रवाद्यांची एक पिढी राजकारणात आली व १९१६ च्या ईस्टर उठावाची पूर्वतयारी काही अंशी त्यातून झाली. किल्डेअर परगण्यातील बोडन्सटाउन येथील टोनची समाधी हे राष्ट्रवाद्यांचे यात्रास्थान बनले. पुढे निरनिराळ्या रिपब्लिकन पक्षांनी तेथे स्वतंत्रपणे मेळावे भरविण्यास सुरुवात केली. टोनचा वारसा कोणाचा, हा वाद त्यातून दिसून येतो.

अल्स्टरमधील मौन : ज्या प्रेसबिटेरियनांनी संघटनेला जन्म दिला, त्यांचे वंशज एकोणिसाव्या शतकात ब्रिटनशी असलेल्या एकीकरणाचे कट्टर पुरस्कर्ते बनले. वेक्सफर्डमधील कत्तलींच्या वार्ता, बेलफास्टची औद्योगिक भरभराट आणि डॅन्येल ओकॉनेलच्या नेतृत्वाखाली वाढलेली कॅथलिक चळवळ ही त्याची प्रमुख कारणे होत. आजोबा बंडात होते हे घराघरांत ठाऊक असे, पण त्याचा जाहीर उच्चार होत नसे. तथापि ही स्मृती नष्ट झाली नव्हती. कबरी दाखविल्या जात, जपून ठेवलेल्या वस्तू हस्तांतरित होत आणि गोष्टी खाजगीत सांगितल्या जात. बॅलिनाहिंचच्या लढाईशी निगडित असलेल्या बेट्सी ग्रे या तरुणीवरील कादंबरी प्रॉटेस्टंट घरांत आवडीने वाचली जाई. मात्र १८९८ मध्ये बेलफास्टचे राष्ट्रवादी तिच्या कबरीजवळ समारंभ करणार असे कळताच, स्थानिक राजनिष्ठांनी तिच्यावरील स्मारकशिळा फोडून टाकली. आपल्या पूर्वजांची स्मृती इतरांच्या राजकारणाला उपयोगी पडू नये, अशी त्यामागील भावना होती. इतिहासकार गाय बायनर याने २०१८ च्या आपल्या ग्रंथात अल्स्टरमधील या स्मरण व विस्मरण यांच्या गुंतागुंतीचे विस्तृत विवेचन केले आहे. पश्चिमेकडील कॉनॉट प्रांतात ही स्मृती वेगळ्या रीतीने टिकली. तेथे १७९८ ला ‘फ्रेंचांचे वर्ष’ म्हणत व १९३५ मध्ये स्थापन झालेल्या आयरिश लोकसाहित्य आयोगाने त्याविषयीच्या अनेक मौखिक कथा टिपून घेतल्या.

परदेशस्थ वंशज : पराभवानंतर अनेक पुढारी परागंदा झाले. टॉमस ॲडिस एमेट (१७६४–१८२७) न्यूयॉर्कमध्ये नामांकित वकील झाला व त्या राज्याचा महान्यायवादी बनला. त्याचा धाकटा भाऊ रॉबर्ट याला १८०३ च्या उठावानंतर डब्लिन येथे फाशी देण्यात आले होते. टॉमसचा त्याच नावाचा नातू (१८२८–१९१९) हा प्रसिद्ध वैद्य होता. त्याने घराण्याचे कागदपत्र जमवून १९१५ मध्ये आजोबा व चुलत आजोबा यांची चरित्रे प्रसिद्ध केली. डब्लिनमध्ये रॉबर्टच्या अज्ञात कबरीचा शोधही घेतला, पण तो निष्फळ ठरला.

शेकडो बंडवाल्यांना ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स वसाहतीत हद्दपार करण्यात आले. तेथे ४-५ मार्च १८०४ रोजी फिलिप कनिंगहॅम याच्या नेतृत्वाखाली कॅसल हिल येथील दोनशेहून अधिक कैद्यांनी उठाव केला. तो लगेच मोडण्यात आला. परंतु ज्या जागी चकमक झाली, त्या जागेला वेक्सफर्डच्या आठवणीने ‘व्हिनेगर हिल’ हेच नाव पडले. विक्लोच्या डोंगरांत १८०३ च्या अखेरीपर्यंत लढत राहिलेला मायकेल ड्वायर ‘टेलिचेरी’ या जहाजाने १८०६ मध्ये सिडनीस पोहोचला, तेथे त्याला जमीन मिळाली व काही काळ तो पोलीस शिपायाच्या हुद्द्यावरही होता. १८९८ मध्ये त्याच्या व त्याची पत्नी मेरी हिच्या अस्थी मोठ्या मिरवणुकीने सिडनीच्या वेव्हर्ली दफनभूमीत नेण्यात आल्या व तेथे भव्य स्मारक उभारण्यात आले. ऑस्ट्रेलियात कैदी पूर्वजाचा उल्लेख दीर्घकाळ लांच्छनास्पद मानला जाई. राजकीय कारणांसाठी हद्दपार झालेल्या आयरिशांच्या वंशजांना मात्र तो उघडपणे करता येत असे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कुलवृत्तांत शोधण्याची आवड वाढली, तेव्हा अशा पूर्वजांचा शोध अनेक कुटुंबांनी घेतला.

द्विशताब्दी व मूल्यमापन : १९९८ च्या द्विशताब्दीच्या वर्षी, १० एप्रिल रोजी, उत्तर आयर्लंडविषयीचा बेलफास्ट करार झाला. साहजिकच कॅथलिक व प्रेसबिटेरियन यांच्या एकत्र लढ्यावर त्या वर्षीच्या समारंभांत भर देण्यात आला. एनिस्कॉर्थी येथे राष्ट्रीय १७९८ केंद्र सुरू झाले व बेलफास्टच्या अल्स्टर संग्रहालयातही उठावाविषयी प्रदर्शन भरले. स्कलाबोग येथील बळींसाठी ओल्ड रॉसच्या प्रॉटेस्टंट चर्चच्या आवारात स्मृतिशिला बसविण्यात आली. दोनशे वर्षे एका समाजाने जपलेल्या दुःखाची ही उशिरा का होईना, पण जाहीर दखल होती. केव्हिन व्हेलन प्रभृती इतिहासकारांनी उठावामागील आधुनिक लोकशाही विचारांवर भर दिला. मूळचा न्यू रॉसचा असलेला इतिहासकार टॉम डन याने २००४ मधील आपल्या ग्रंथात या मांडणीवर टीका केली. समेटाच्या इच्छेपोटी उठावातील धर्मद्वेष व क्रौर्य झाकले जाऊ नये, असे त्याचे मत आहे.

१९२२ मध्ये यादवी युद्धात डब्लिनचे सार्वजनिक दप्तरखाने जळून जुन्या जनगणनेचे कागद नष्ट झाल्यामुळे वंशजांना पूर्वजांचा माग काढणे अवघड जाते. सुदैवाने उठावासंबंधीचे शासकीय कागद डब्लिन किल्ल्यात असल्याने वाचले व ते राष्ट्रीय अभिलेखागारात उपलब्ध आहेत. त्यांत खबऱ्यांची पत्रे, कैद्यांचे अर्ज व लष्करी न्यायालयांच्या कामकाजाचे वृत्तांत एकत्रच आढळतात. त्यामुळे घरात ऐकलेली कथा दप्तराशी पडताळून पाहणाऱ्या वंशजाला आपल्या पूर्वजाबरोबरच त्याच्या विरोधकाची व त्याच्या हातून बळी पडलेल्यांचीही ओळख होते. विभागलेल्या समाजात इतिहासाचे स्मरण कसे घडते व बदलते, याचा अभ्यास करणाऱ्यांना १७९८ चा उठाव म्हणूनच महत्त्वाचा वाटतो.