खेळामागचा खेळ (भाग ७) : सांगून मारणारा राक्षस

गेल्या आठवड्यात एका फटक्यात आडवे होणारे किरकोळ शत्रू पाहिले. आज त्यांचा धनी. खेळणारी पोरं त्याला सरळ ‘बॉस’ म्हणतात.

परवा डहाणू लोकलमध्ये तलासरीचा भाचा फोनवर एका गदावाल्या राक्षसाशी झुंजत होता. बोईसरला मेला, वाणगावला पुन्हा मेला आणि तरी खूश. “मामा, आत्ता कळलं! गदा खांद्यावर नेली की तो आपटणार, मागे नेली की गरगर फिरवणार.” डहाणू रोडच्या फलाटाला गाडी लागता लागता राक्षस पडला.

बॉसची सगळी कारागिरी त्या खांद्यावर गेलेल्या गदेत आहे. चांगला बॉस मारण्याआधी सांगतो. हात उचलतो, डोळे लाल करतो, हुंकारतो. त्या अर्ध्या क्षणात आपण बाजूला व्हायचं, वार फुकट गेला की दोन फटके द्यायचे. न सांगता मारणारा बॉस अवघड नसतो, तो बनवणाऱ्याचा आळस असतो.

१९७५ च्या सुमारास अमेरिकेतल्या विद्यापीठाच्या संगणकावर ‘डीएनडी’ नावाचा खेळ आला. त्यातला खजिना राखणारा सोनेरी ड्रॅगन हा पहिला बॉस मानतात. १९८६ च्या ‘द लेजंड ऑफ झेल्डा’तला गॅनन त्याहून बेरकी. तो अदृश्य होऊन आगीचे गोळे फेकतो. अंदाजाने तलवार चालवत राहायचं. पुरेसे वार बसले की तो दिसू लागतो, पण मरतो फक्त चांदीच्या बाणाने. बाण आणला नसेल तर सगळी मेहनत पाण्यात.

अट घालून ठेवलेला राक्षस आपल्याला नवा नाही. हिरण्यकश्यपू घ्या. महिषासुर तर त्याच्या पुढचा. देवीमाहात्म्यात तो रेडा असतो, पाश पडताच सिंह होतो, मग तलवार घेतलेला पुरुष, मग हत्ती, पुन्हा रेडा. दर रूपाला वेगळा डाव. आजचे गेमवाले याला ‘फेज’ म्हणतात.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ आणला तो याच मातीतून. भाऊ गोलूला शोधणारी राजी हातात त्रिशूळ, धनुष्य घेऊन असुरांशी लढते; त्यांचा म्होरक्या महाबलासुर. खेळ देखणा आहे. माझ्या मते मात्र जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यातला महिषासुर जास्त भारी. मशालींच्या उजेडात, संबळ-सनईवर एकेक सोंग येतं, पुढे-मागे नाचतं, जातं. आधी गणपती, सरस्वती. पुढे रात्रभर देव-दानवांची रांग. सोंग दिसायच्या आधी वाद्याची चाल बदलते आणि जाणती माणसं कान टवकारतात. सांगून येणं ते हेच. लढाई पहाटेवर राखून ठेवलेली. तोवर पेंगणारी पोरंही तेव्हा ताडकन उठून बसतात, कारण महिषासुर देवीवर धावून जाताना प्रेक्षकांच्या अंगावरूनच जातो. पडद्यावरच्या कुठल्याही बॉसला हे जमलेलं नाही.

बोहाडे उन्हाळ्यात असतात. डहाणूकरांना कासा-जव्हारवरून रस्ता आहे. जाल तर दुपारी झोप काढून जा. पहाटे डोळा लागला तर बॉस हुकेल.