जुन्या लेथची पुली

जुना लेथ विकत घेणारा माणूस बेड घासलाय का ते पाहतो, स्पिंडल हलवून बघतो, गिअरच्या दातांवरून बोट फिरवतो. पुलीकडे सहसा कुणी लक्ष देत नाही. मग मशीन घरी येतं आणि नेमकं तिथंच अडतं.

अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या कलामझूच्या ॲटलस प्रेस कंपनीचे लेथ घ्या. १९३०च्या दशकापासून हे छोटे, स्वस्त लेथ हौशी कारागिरांकडे पोहोचले. सिअर्स या विक्री कंपनीनं ते ‘क्राफ्ट्समन’ या नावानंही विकले. किंमत आवाक्यात राहावी म्हणून ॲटलसनं बऱ्याच पुल्या आणि गिअर बिडाऐवजी झामॅक या जस्ताच्या मिश्रधातूचे ओतले. धातू वाईट नव्हे, आजही त्यातल्या कित्येक पुल्या फिरताहेत. मात्र हातोड्याशी त्याचं जमत नाही. शाफ्टला धरून बसलेली पुली ठोकून काढायला गेलं की कड तुटून हातात येते. गॅसनं तापवावी, तर ३८० अंश सेल्सिअसच्या पुढे ती वितळायलाच लागते. बिडाची पुली तडकली तर पितळानं जोडून घेता येते. इथं ती सोय नाही. तेल मुरू द्यायचं, पुलर लावायचा आणि घाई करायची नाही.

तरीही तुटलीच, तर पहिला शोध मोडीत निघालेल्या मशीनचा. अमेरिकेत असे लेथ सुटे करून भाग एकेक विकले जातात. आपल्याकडे तेवढा पसारा नाही. १९४१ साली हरिहरला सुरू झालेल्या म्हैसूर किर्लोस्करचे लेथ अजून अनेक वर्कशॉपांत चालतात, पण तो कारखानाच आता बंद आहे. अशा वेळी कोल्हापूरसारखं फाउंड्रीचं गाव जवळ असणं हे खरं भाग्य.

फाउंड्रीत तुटकी पुलीच नमुना म्हणून नेली तर मात्र घोळ होतो. बीड थंड होताना सुमारे १ टक्का आकसतं, म्हणजे १५० मिमीची पुली दीड मिमीनं लहान निघते. वर टर्निंगसाठी जादा माल हवा तो वेगळाच. म्हणून लाकडी पॅटर्न मोठा करतात किंवा जुन्या पुलीवरच लांबी (पुट्टी) थापून तिला फुगवतात. एकच नग हवा असेल तर ॲल्युमिनियमच्या गोल बारमधून खरवडून काढणं सोपं. बोअर आणि खाचा एकाच बांधणीत कापल्या की पुली डुलत नाही.

खाचेचा कोनही फसवा असतो. व्ही-पट्ट्याचा कोन ४० अंशांचा, म्हणून खाचही ४० अंशांची कापायचा मोह होतो. पण पट्टा वळताना आतल्या बाजूनं फुगतो आणि त्याचा कोन कमी होतो. म्हणून ए-सेक्शन मापाच्या पट्ट्यासाठी लहान पुलीला ३४ अंश, मोठीला ३८. पट्टा पकडतो तो दोन्ही कडांनी. खाचेचा तळ चकाकत असेल तर पट्टा खाली टेकतोय आणि घसरतोय, हे ओळखावं.

पायऱ्यांची पुली असेल तर समोरची जोडीदारही मोजावी लागते. एकीचा व्यास वाढतो तसा दुसरीचा घटतो, कारण प्रत्येक पायरीवर तोच पट्टा ताणून बसला पाहिजे. नुसत्या तुटक्या पुलीचं माप घेणाऱ्याला ही गोष्ट पट्टा चढवतानाच कळते.

कधीकधी जुनं माप जसंच्या तसं उतरवणं हीच चूक ठरते. अमेरिकेतली जुनी मोटार ६० हर्ट्झवर मिनिटाला १७२५ फेरे घेते. आपल्याकडे ५० हर्ट्झवर तिच्या जागी बसवलेली मोटार साधारण १४४० घेते. मूळ वेग परत हवा असेल तर मोटारीवरची पुली सुमारे २० टक्के मोठी करावी लागते: ५० मिमीच्या जागी ६०.

सपाट पट्ट्याच्या पुलीला खाच नसते, मधोमध किंचित उंचवटा असतो. पट्टा आपोआप त्या उंचवट्यावर चढतो आणि तिथंच राहतो. ती बिडाचीच हवी असंही नाही. इंडियानातल्या मिशावाका गावच्या डॉज कंपनीनं एकोणिसाव्या शतकातच लाकडी पुल्यांचा मोठा धंदा उभारला होता. त्या पुल्या दोन अर्ध्या भागांच्या असत. शाफ्ट न उतरवता दोन्ही बाजूंनी लावून बोल्ट आवळले की काम झालं. आजही हलक्या लेथसाठी प्लायवूडचे थर चिकटवून, जागेवरच टर्निंग करून पुली बनवणारे कारागीर आहेत.