हायड्रोपोनिक हरितगृहात कोणते पीक घ्यावे? आधी हवामान, पाणी आणि बाजाराचा हिशेब आवश्यक

बंगळुरू : मातीविना, केवळ पोषणद्रव्ये मिसळलेल्या पाण्यावर पिके घेण्याच्या ‘हायड्रोपोनिक्स’ पद्धतीकडे बंगळुरू परिसरातील शेतकऱ्यांबरोबरच नोकरदार तरुणही वळत आहेत. या व्यवसायात पहिला आणि चुकल्यास सर्वांत महागात पडणारा निर्णय पीकनिवडीचा असतो. हरितगृह उभारून मग पीक शोधण्यापेक्षा पीक निश्चित करून त्यानुसार हरितगृह उभारणे हिताचे ठरते. कारण पाण्याच्या नळ्या, टाक्या आणि शीतकरण व्यवस्था यांवर एकदा झालेला खर्च दुसऱ्या पिकाकडे सहजासहजी वळविता येत नाही.

‘हायड्रोपोनिक्स’ हा शब्द कॅलिफोर्नियातील संशोधक विल्यम गेरिक यांनी १९३७ मध्ये रूढ केला. भारतात जे. शोल्टो डग्लस यांनी १९४६ मध्ये तत्कालीन बंगालमधील कालिम्पाँग येथे या पद्धतीचे प्रयोग सुरू केले. तत्त्वतः जवळपास प्रत्येक वनस्पती अशा रीतीने वाढविता येते. मात्र वाढविता येणे आणि परवडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. गहू-तांदूळ यांसारखी धान्ये कमी भावामुळे, तर बटाटा, कांदा, गाजर ही पिके शेतातच स्वस्तात पिकत असल्याने हरितगृहाच्या खर्चात बसत नाहीत.

पहिला निकष तापमानाचा. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर असलेल्या बंगळुरूत वर्षातील बहुतांश महिने दिवसाचे कमाल तापमान २७ ते ३० अंश सेल्सिअसच्या आसपास राहते. मार्च ते मे या काळात ते सरासरी ३३-३४ अंशांवर जाते. एप्रिल २०१६ मध्ये शहरात ३९.२ अंशांची नोंद झाली होती. बंदिस्त हरितगृहात तापमान बाहेरच्यापेक्षा आणखी चढते. त्यामुळे पिकाची खरी परीक्षा या तीन महिन्यांत होते.

हवेइतकेच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्व मुळांभोवतीच्या पाण्याच्या तापमानाला आहे. २० अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर ३० अंशांना हे प्रमाण सुमारे साडेसात मिलिग्रॅमवर येते. उष्णतेत मुळांची प्राणवायूची गरज वाढते आणि पुरवठा घटतो. अशा वेळी ‘पिथियम’मुळे मूळकूज झपाट्याने पसरते. सर्व झाडांना एकाच टाकीतील पाणी मिळत असल्याने एका झाडाचा रोग संपूर्ण हरितगृहाचा रोग होतो. पालक या बाबतीत विशेष नाजूक मानला जातो.

लेट्यूस साधारण १५ ते २२ अंशांत उत्तम वाढते. उष्णता वाढली की त्याला फुलोऱ्याचा दांडा येतो आणि पाने कडवट होतात. बंगळुरूत जून ते फेब्रुवारी हा काळ त्यास तुलनेने अनुकूल असतो. उन्हाळ्यात मात्र पाणी थंड ठेवण्याची सोय, शेडनेट आणि उष्णता सहन करणारे वाण यांखेरीज ते घेणे जोखमीचे ठरते. या काळात बेसिल, पुदिना किंवा लाल माठ यांसारखी उष्णता सोसणारी पिके घेऊन हरितगृह चालू ठेवता येते.

टोमॅटो, रंगीत ढोबळी मिरची आणि काकडी या फळभाज्यांना उथळ नळ्यांऐवजी कोकोपीट भरलेल्या पिशव्या आणि ठिबक सिंचन अधिक सोयीचे असते. बंगळुरूजवळील हेसरघट्टा येथील भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने मातीविना भाजीपाला लागवडीसाठी ‘अर्का किण्वित कोकोपीट’ आणि ‘अर्का सस्य पोषक रस’ ही उत्पादने विकसित केली आहेत. बंदिस्त हरितगृहात कीटक नसल्याने परागीभवनाविना फळ धरणारे काकडीचे वाण निवडावे लागते, तर टोमॅटोचे फुलोरे हलवून परागीभवन घडवावे लागते. ही मजुरी हिशेबात धरणे आवश्यक असते.

पालेभाज्या आणि फळभाज्या एकाच टाकीवर घेणे मात्र टाळावे. द्रावणाचा सामू दोन्हींना साधारण ५.५ ते ६.५ चालतो, परंतु क्षारांची तीव्रता दर्शविणारी विद्युतवाहकता लेट्यूसला सुमारे १ ते १.५ डेसिसायमन प्रति मीटर, तर टोमॅटोला २ ते ३.५ लागते. एकाला मानवणारे द्रावण दुसऱ्याला अपुरे किंवा जाचक ठरते.

दुसरा निकष पाण्याचा. मार्च २०२४ मध्ये बंगळुरूने तीव्र पाणीटंचाई अनुभवली. अनेक कूपनलिका कोरड्या पडल्या होत्या. शिवाय कूपनलिकेचे पाणी जड असल्यास सामू सतत वाढतो आणि क्षार साचतात. स्ट्रॉबेरीसारखे क्षार न सोसणारे पीक अशा पाण्यावर टिकत नाही. पावसाचे पाणी हा त्यावरील चांगला पर्याय आहे. शहरात वर्षाला सरासरी सुमारे ९७० मिलिमीटर पाऊस पडतो. त्या हिशेबाने १०० चौरस मीटर छतावर वर्षभरात सुमारे ९७ हजार लिटर पाणी पडते. गळती वजा जाता त्यातील मोठा भाग साठविता येतो.

पाण्याची बचत विजेच्या बिलातून वसूल होऊ नये, याकडेही लक्ष द्यावे लागते. अमेरिकेतील अ‍ॅरिझोनाच्या उष्ण प्रदेशासाठी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लेट्यूसचे हायड्रोपोनिक उत्पादन शेतातील उत्पादनाच्या सुमारे ११ पट आणि पाण्याचा वापर सुमारे तेराव्या हिश्श्याइतका आढळला. ऊर्जा मात्र सुमारे ८२ पट लागत होती. बंगळुरूच्या सौम्य हवामानाचा लाभ येथेच होतो. मात्र हवामानाला साजेसे पीक निवडले, तरच तो हाती लागतो.

तिसरा निकष बाजाराचा. कोथिंबीर, पालक आणि टोमॅटो कोलारसह आसपासच्या जिल्ह्यांतील शेतांतून शहरात येतात. त्यांच्या भावाशी हरितगृहातील उत्पादनाने स्पर्धा करणे कठीण असते. लेट्यूस आणि बेसिल यांना अधिक दर मिळतो, परंतु ग्राहक मर्यादित आणि माल नाशवंत असतो. म्हणून बियाणे आणण्यापूर्वी हॉटेले किंवा दुकानदारांशी आठवड्याला किती किलो आणि कोणत्या दराने, हे निश्चित करणे श्रेयस्कर ठरते.

पिकांची तुलना करताना केवळ किलोचा भाव न पाहता, एका चौरस मीटरला दरमहा मिळणाऱ्या रकमेतून वीज, पोषणद्रव्ये, मजुरी आणि नासाडी वजा करून काय उरते, ते पाहावे. लेट्यूस रोप लावल्यापासून साधारण महिनाभरात काढणीस येते, तर टोमॅटोच्या पहिल्या तोड्याला दोन महिन्यांहून अधिक काळ लागतो. मर्यादित भांडवल असलेल्याने हा फरक दुर्लक्षू नये.

मोठी गुंतवणूक करण्यापूर्वी दोन-तीन पिकांची छोटी चाचणी घेणे आणि त्या चाचणीत एप्रिल-मे हे महिने अवश्य समाविष्ट करणे, हा सर्वांत सुरक्षित मार्ग होय. डिसेंबरमध्ये बहरलेले पीक यशाची खात्री देत नाही. उन्हाळ्यात तग धरून ग्राहकापर्यंत पोहोचणारे पीकच हरितगृहाचा खर्च भरून काढू शकते.