शाईचा थेंब आणि उष्णतेचा हिशेब

आपल्या पुष्कळ पेढ्यांवर आता शाईने छापणारे यंत्र, म्हणजे बाजारात ज्यास इंकजेट प्रिंटर म्हणतात ते, हिशेबाच्या संगणकाशेजारी ठाण मांडून बसले आहे. ज्यांच्याकडे ते नाही त्यांच्याही फळीवरील बिस्किटाच्या पुड्यावर व तेलाच्या डब्यावर किंमत आणि उत्पादनाची तारीख बहुधा त्याच जातीच्या यंत्राने उमटविलेली असते. यंत्र घेताना आपण दहा ठिकाणी भाव विचारतो, घासाघीस करतो; परंतु पुढे शाईपायी किती पैसा गेला ह्याची जावक खतावणीत क्वचितच वेगळी निघते. ही शाई यंत्रात कशी राहते, कशी तापते, व तापल्याने काय बिघडते आणि काय साधते, हे व्यापाऱ्यासही थोडेफार ठाऊक असणे इष्ट, ह्या हेतूने आम्ही हा विषय ह्या वार्षिकासाठी घेतला आहे.

नळाची बारीक धार थोडी खाली येताच तुटून तिचे थेंब होतात, हे कोणीही पाहिलेले असते. ते का होतात ह्याचा प्रयोगसिद्ध अभ्यास बेल्जमच्या प्लॅटोने केला आणि त्याचे गणित इंग्लंडच्या लॉर्ड रॅले ह्यांनी १८७८ च्या सुमारास मांडले. त्या थेंबांपासून लेखन करून घ्यावे ही कल्पना मात्र व्यवहारात उतरण्यास विसावे शतक अर्धे सरावे लागले. स्वीडनचे रूने एल्मक्विस्ट ह्यांनी वैद्यकीय आलेख काढण्यासाठी शाईच्या धारेचे उपकरण केले व त्याचे पेटंट १९५१ साली मिळविले. पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात रिचर्ड स्वीट ह्यांनी धारेच्या प्रत्येक थेंबावर वेगवेगळा विद्युत्‌भार ठेवून तो हवा तेथे वळविण्याची युक्ती १९६० नंतरच्या दशकात सिद्ध केली. पुड्यांवर तारखा छापणारी आजची यंत्रे ह्याच वंशातील होत. त्यांत धार कधी थांबत नाही. जो थेंब अक्षराच्या कामी येत नाही तो एका नळीत झेलून पुन्हा टाकीत नेला जातो. परत येणाऱ्या शाईतील द्रावक हवेत उडून जातो व शाई दाट होते, म्हणून यंत्र तिचा दाटपणा मापून त्यात नवा द्रावक घालीत राहते. अशा यंत्रावर काम करणाऱ्यास द्रावकाची वेगळी बाटली का भरावी लागते, ह्याचे कारण हेच.

आपल्या टेबलावरील यंत्राची गोष्ट निराळी. तेथे थेंब मागितला तरच पडतो. हे घडवून आणण्याचा एक मार्ग उष्णतेने दाखविला, आणि त्याचा शोध जगाच्या दोन टोकांस जवळजवळ एकाच वेळी लागला. जपानमध्ये कॅनन कंपनीचे इचिरो एंडो ह्यांच्या प्रयोगशाळेत १९७७ साली झाळ लावण्याची तापलेली कांडी शाईने भरलेल्या पिचकारीच्या सुईस लागली आणि सुईच्या टोकातून शाई उसळली. अमेरिकेत ह्यूलेट-पॅकार्डचे जॉन व्हॉट ह्यांनी थोड्याच काळानंतर तोच विचार स्वतंत्रपणे केला. कॉफीच्या भांड्यात उकळते पाणी आपल्याच वाफेने वर चढते, त्याचा दाखला त्यांच्या डोळ्यांसमोर होता असे सांगतात. १९८४ साली ह्यूलेट-पॅकार्डचे थिंकजेट बाजारात आले. त्याच्या मुखात अवघी १२ छिद्रे होती. पुढल्याच वर्षी कॅननचे यंत्र आले. अपघाताची गोष्ट सांगण्यास गोड वाटते. पण सुईतून शाई उडणे आणि तीच शाई कोट्यवधी वेळा एकाच मापाने उडविणे, ह्यांत जे अंतर आहे ते कापण्यास सात-आठ वर्षे गेली, हे विसरता कामा नये.

त्या छिद्रामागे घडते ते असे. केसाहून बारीक छिद्राच्या तळाशी धातूचा एक अतिसूक्ष्म पापुद्रा असतो. त्यातून सेकंदाच्या दशलक्षांश भागाच्या दोन-तीन पट इतका वेळ वीज सोडतात. तेवढ्यात त्यास लागून असलेला शाईचा थर ३०० अंश सेल्सियसच्या वर जातो. साधे पाणी १०० अंशांस उकळते, मग हे कसे? इतक्या घाईत तापविले असता पाण्यास बुडबुडे धरण्यास अवसरच मिळत नाही. ते पाणीपणानेच पुढे जाते आणि मर्यादा संपताच सबंध थर एकदम वाफ होतो. तो बुडबुडा फुगताना वरची शाई छिद्रातून बाहेर ढकलतो, निवताच मिटतो, आणि रिकाम्या जागी नवी शाई आपोआप ओढली जाते. उकळतो तो थर एका मायक्रॉनहूनही पातळ; बाकीच्या शाईस ह्याचा पत्ताही नसतो.

ह्या तापण्याची किंमत मात्र द्यावी लागते. दूध आटविताना पातेल्याच्या तळाशी जशी खरपूड धरते तशीच शाईतील रंगाची खरपूड त्या पापुद्र्यावर धरते. अभियंत्यांनी ह्या व्याधीस ‘कोगेशन’ हे नाव दिले, ते करपण्याच्या जपानी शब्दावरूनच. खरपूड धरली की उष्णता शाईस नीट पोचत नाही, थेंब लहान व मंद होतो, अक्षर फिके पडते. दुसरा घाव बुडबुडा मिटताना बसतो: मिटणारी वाफ पापुद्र्यावर सूक्ष्म हातोड्यासारखी आदळते. हा मार सोसण्यासाठी पापुद्र्यावर टँटलम धातूचे कवच चढवितात. आणि खरपूड टाळण्यासाठी रंगद्रव्य अधिक शुद्ध करितात व शाईच्या घटकांची निवड उष्णता ध्यानी धरून करितात. स्वस्त शाई भरून मुख बिघडले अशी तक्रार जेव्हा ऐकू येते तेव्हा तिच्या मुळाशी पुष्कळदा हेच असते. प्रत्येक परकी शाई वाईट असते असे आम्ही म्हणणार नाही, कारण तसे म्हणणाऱ्यांत यंत्रकंपन्यांचा स्वार्थही मिसळलेला आहे. परंतु तापणाऱ्या मुखास कोणतीही शाई चालते हा समज खोटा होय.

तिसरी अडचण अधिक नाजूक. सबंध पानभर काळा मजकूर छापला तर मुख तापत जाते. तापलेली शाई पातळ होते. पाण्याचाच दाखला घ्यावयाचा तर २० अंशांस जितका चिकटपणा असतो त्याच्या निम्माच ५५ अंशांस उरतो. पातळ शाईचा थेंब मोठा पडतो, आणि पानाचा तळ माथ्यापेक्षा गडद दिसू लागतो. म्हणून मुखातच तापमान मापणारा घटक बसविला गेला. मुख गार असेल तर थेंब पडणार नाही इतक्या अल्प विजेने ते आधी कोमट करून घेतात. फार तापले तर विजेचा झटका आखूड करितात, किंवा यंत्र क्षणभर थबकते. छापता छापता यंत्र मध्येच थांबले की आपण त्यास थोपटतो. पुष्कळदा ते केवळ दम घेत असते.

वाफेविना थेंब ढकलण्याचा दुसराही मार्ग आहे. काही स्फटिकद्रव्यांस वीज दिली की ती किंचित आकार बदलतात. त्यांची भिंत आत दबली की शाई बाहेर येते. एप्सनने १९९३ पासून ह्या तत्त्वावर घरगुती यंत्रे विकली. येथे शाई उकळत नाही, म्हणून खरपूड नाही आणि शाईची निवडही मोकळी. परंतु येथील वैरी म्हणजे हवा. पोकळीत हवेचा एक बुडबुडा अडकला तर भिंतीचा सारा दाब तोच गिळतो, व ते छिद्र मुके होते. ह्यासाठी मोठ्या यंत्रांत शाईतील विरघळलेली हवादेखील आधी काढून टाकतात.

आता शाई साठविण्याची बाजू. भांडे उपडे धरले तर शाई गळावी, आणि गळू नये म्हणून पक्के बंद केले तर ती छिद्राकडे येऊ नये, असा हा पेच. उपाय असा की भांड्यातील दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी ठेवावा. कमी-जास्तीचे माप पाण्याच्या काही सेंटिमीटर उंचीएवढेच. थिंकजेटमध्ये ह्यासाठी रबरी फुगा होता. पुढे स्पंज आला, नंतर स्प्रिंगने ताणलेली पिशवी आली. स्पंजाची खोड अशी की काही शाई तो धरूनच ठेवतो, आणि ग्राहकाने तिचे पैसे भरलेले असतात.

खरा पालट शाई मुखावरून उतरवून यंत्राच्या कुशीत ठेवल्याने झाला. नळीवाटे बाहेरच्या बाटल्यांतून शाई आणण्याचा उद्योग आशियातील दुकानदारांनी आधीच चालविला होता. २०१० साली एप्सनने टाकीचे यंत्र स्वतःच काढले. २०१५-१६ मध्ये कॅनन व ह्यूलेट-पॅकार्ड ह्यांनीही तोच मार्ग धरला. यंत्र स्वस्त व शाई महाग हा जुना सौदा येथे उलटा झाला. रोज पाने छापणाऱ्या पेढीस हा फायद्याचा. महिन्याकाठी चार पाने छापणाऱ्यास नव्हे. बाटलीवर जी पानांची संख्या लिहिलेली असते ती सलग छपाई धरून काढलेली असते. अधूनमधून छापणाऱ्याची शाई मुख धुण्यातच जाते, आणि ती धुवण यंत्राच्या तळाच्या गादीत मुरते; गादी भरली की यंत्र काम नाकारते.

कारखान्यांतील यंत्रांत शाई नुसती ठेवून भागत नाही, ती फिरती ठेवावी लागते. मोरबीच्या फरश्यांवरील संगमरवरी नक्षी आज अशाच यंत्रांनी उमटते. त्या शाईतील खनिज रंग जड. ते तळाशी बसतात. पांढऱ्या शाईतील टायटॅनियम ऑक्साइड तर पाण्याच्या चौपट जड. २००७ साली इंग्लंडच्या झार कंपनीने शाई थेट छिद्राच्या पाठीमागून अखंड वाहती ठेवणारे मुख काढले, आणि फरशीच्या धंद्यात त्याचा मोठा प्रसार झाला. वाहत्या शाईत गाळ बसत नाही आणि अडकलेली हवाही वाहून जाते.

उष्णतेचा आणखी एक उपयोग छिद्राबाहेर होतो. ओली शाई कागदावर पसरण्याआधी वाळावी म्हणून १९९३ च्या डेस्कजेट १२००सी ह्या यंत्रात कागदच तापविला जाई. फलक छापणाऱ्यांच्या यंत्रांत कापड छपाईच्या आधी, छपाईखाली व नंतर अशा तीन ठिकाणी तापते. २००८ साली आलेल्या लेटेक्स शाईत पाणी उडून जाते व उरलेले रबरासारखे कण उष्णतेने वितळून रंगावर पापुद्रा धरतात. उग्र द्रावकाचा वास त्यामुळे टळला.

व्यापाऱ्यास ह्या सर्वांहून निकटचा प्रश्न म्हणजे छापलेले बीजक टिकेल की नाही. वस्तू व सेवा कराच्या २०१७ च्या कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. शाई दोन प्रकारची: एकीत रंग पाण्यात विरघळलेला असतो, दुसरीत रंगाचे कण तरंगत असतात. पहिलीवर पाण्याचा थेंब पडला की आकडा पसरतो. दुसरीतील काळा कण म्हणजे काजळीच, आणि आपल्या पूर्वजांनी काजळ व डिंक घोटून बोरूने लिहिलेल्या वह्या व पोथ्या शेकडो वर्षांनीही वाचता येतात. काही यंत्रांत काळी शाई कणांची व बाकीचे रंग विरघळणारे असतात. काहींत चारही विरघळणारे. खरेदीपूर्वी विक्रेत्यास हे स्पष्ट विचारावे. उत्तर न मिळाल्यास एक पान छापून घ्यावे, तासाभराने त्यावर ओले बोट फिरवावे.

यंत्र बंद करताना भिंतीवरील बटण दाबू नये. यंत्राचेच बटण दाबावे. तसे केले तरच मुख आपल्या जागी जाऊन टोपीखाली झाकले जाते. उघडे राहिलेले मुख इंदूर-ग्वाल्हेरकडच्या उन्हाळ्यात फार लवकर सुकते. बेळगाव व गोव्याच्या पावसाळ्यात मुखाची भीती कमी, पण कागद सर्द होतो व अक्षर फुटते. तेथे रीम फोडल्यावर उरलेला कागद प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावा. आठवड्यातून एकदा तरी चारही रंगांचे एक पान छापावे. तेवढ्या शाईचा खर्च मुख धुण्याच्या खर्चापेक्षा कमीच येतो.