एक ना धड?

मूल दोन खेळांत चमकू लागले की घरातले वडीलधारे एक म्हण हमखास ऐकवतात : ‘एक ना धड, भाराभर चिंध्या.’ त्यांचा हेतू वाईट नसतो. सकाळी धावणे, संध्याकाळी कबड्डी, मध्ये शाळा आणि क्लास, ही ओढाताण त्यांनाच पाहावी लागते. त्यात तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी शालेय स्पर्धांची शिडी. दोन खेळांच्या तारखा एकाच दिवशी आल्या, तर त्या मुलीने करायचे काय? बहुधा कोणीतरी मोठा माणूस तिच्या वतीने निकाल देऊन मोकळा होतो.

बँकेत असताना खेळाडू म्हणून नोकरीला लागलेले सहकारी मी जवळून पाहिले. दुपारी डबा खाताना ते सुटलेल्या दुसऱ्या खेळाबद्दल बोलत. कोणाची बारावी आडवी आली होती, कोणाला बुटांचा खर्च झेपला नव्हता. ‘मन उडाले म्हणून सोडला’ असे सांगणारे विरळाच.

मोठ्या खेळाडूंचेही असेच. मद्रासचे एम. जे. गोपालन क्रिकेट आणि हॉकी, दोन्हींत भारताकडून खेळले. 1935 मध्ये ध्यानचंद यांच्याबरोबर ते हॉकी संघातून न्यूझीलंडला गेले. 1936 च्या उन्हाळ्यात मात्र इंग्लंडचा क्रिकेट दौरा आणि बर्लिनचे ऑलिंपिक एकाच वेळी आले. गोपालन यांनी क्रिकेट निवडले. त्या दौऱ्यात त्यांना एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. तिकडे बर्लिनला भारताने अंतिम सामन्यात जर्मनीला 8-1 असे हरवून सुवर्णपदक जिंकले!

तिथे तारखा आड आल्या, युझवेंद्र चहलच्या बाबतीत पैसा. शाळकरी वयात तो बुद्धिबळाच्या जागतिक युवा स्पर्धेत भारताकडून खेळला. पुढे पुरस्कर्ता मिळेना, म्हणून पट मागे पडला आणि क्रिकेट उरले. त्याचे भलेच झाले. पटावर शिकलेला संयम गोलंदाजीत कामी आला, असे तो सांगतो. प्रत्येकाच्या नशिबी असा दुसरा दरवाजा असतोच असे नाही.

याउलट ऑस्ट्रेलियाची एलिस पेरी पाहा. 2007 मध्ये, अवघ्या 16 व्या वर्षी, शाळेत असतानाच ती जुलैत देशाकडून क्रिकेट खेळली आणि पंधरवड्याच्या आत फुटबॉलही. 2011 च्या महिला विश्वचषक फुटबॉलमध्ये स्वीडनविरुद्ध तिने गोल केला. 2012 मध्ये तिच्या कॅनबेराच्या क्लबने फुटबॉललाच प्राधान्य देण्याचा आग्रह धरला, तेव्हा तिने क्लब बदलला, खेळ सोडला नाही. अखेर क्रिकेट उरले, पण तोवर ती विशी ओलांडलेली, स्वतःचे बरेवाईट कळणारी खेळाडू होती.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनेही 2016 मध्ये सल्ला दिला, की 15-16 वर्षांपर्यंत मुलांनी एकाच खेळाला जुंपून घेऊ नये. आठवड्यातून एकदोन दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी. हे विश्रांतीचे पथ्य दोन खेळ खेळणाऱ्यांनी तर अधिकच पाळायला हवे. प्रशिक्षक दोन असतात, दोघेही आपापला सराव पुरेपूर घेतात. गुडघे मात्र तेच असतात.

म्हणून पालकहो, जूनमध्येच दोन्ही प्रशिक्षकांना एकत्र बसवा. स्पर्धांच्या आणि चाचणी परीक्षांच्या तारखा एका कागदावर मांडा. कुठे टक्कर होणार, कोणता सराव कमी करायचा, सुट्टीचा वार कोणता, हे आधीच ठरवा. तरीही एखादी स्पर्धा सोडावी लागेल. ती कोणती, हे मुलीला विचारा. एक स्पर्धा सोडणे म्हणजे खेळ सोडणे नव्हे. तो सोडायची वेळ कधी आलीच, तर ‘मीच ठरवले’ असे तिला पुढे म्हणता आले पाहिजे.