पाइप गाडला म्हणजे अर्थिंग झालं?

जबलपुरात पाहुणे आले की त्यांना मदनमहालचा बॅलन्सिंग रॉक दाखवायला न्यावंच लागतं. दगडावर दगड, मध्ये टेकायला जेमतेम जागा. वायरिंगचं काम करणाऱ्याने मात्र तो दगड वेगळ्या डोळ्यांनी पाहावा. तो ग्रॅनाइट आहे आणि विजेला ग्रॅनाइटमधून वाट मिळणं महाकठीण. टेकडी सोडून शेतांकडे गेलं की काळी चिकण माती लागते. ती ओली असताना वीज तिच्यातून सहज जाते. त्याच मिस्त्रीने त्याच मापाचा पाइप दोन्हीकडे गाडला, तर एका ठिकाणचा रोध दुसऱ्याच्या शंभरपट भरू शकतो. बिलात मात्र दोन्हीकडे एकच ओळ असते: ‘अर्थिंग केले’.

मुळात अर्थिंग म्हणजे वीज जमिनीत मुरते, हीच समजूत चुकीची आहे. वीज मुरत नाही, ती परत जाते. गिझरमध्ये फेजची तार सुटून पत्र्याला लागली, तर करंट अर्थच्या तारेतून मातीत उतरतो आणि मातीतून ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलकडे निघतो. वाट जितकी अवघड, तितका करंट कमी. आता तीन मीटर लांब आणि सोळा मिलिमीटर जाड सळई घेऊ. ओल्या काळ्या मातीत तिचा रोध साधारण 3.3 ओहम येईल, मध्यम प्रतीच्या मातीत 33 आणि खडकाळ जागी 330. 230 व्होल्टला या आकड्यांनी भागा. करंट 70 अँपिअर, 7 अँपिअर आणि 0.7 अँपिअर येतो. ट्रान्सफॉर्मरकडचा रोध यात धरलेलाच नाही. तो धरला तर आकडे आणखी खाली येतात.

आता ‘एमसीबी आहे ना, मग कशाला काळजी’ हे वाक्य या तीन आकड्यांशेजारी ठेवून पाहा. सोळा अँपिअरची सी प्रकारची एमसीबी झटक्यात पडेलच अशी खात्री 160 अँपिअरला मिळते. 80 च्या खाली ती झटक्यात पडतच नाही. म्हणजे सर्वांत चांगल्या मातीतही 70 अँपिअरवर ती आधी तापणार आणि काही सेकंदांनी पडणार. 7 अँपिअर हा तर तिच्या लेखी रोजचा लोड. ती पडत नाही आणि गिझरचा पत्रा जिवंत राहतो. एमसीबी तारेसाठी असते, माणसासाठी नाही. सोळा अँपिअर म्हणजे सोळा हजार मिलिअँपिअर. माणसाच्या छातीतून तीस-चाळीस मिलिअँपिअर काही क्षण वाहिले तरी श्वास अडकू शकतो आणि हृदयाची लय बिघडू शकते.

या ठिकाणी आरसीसीबी कामाला येते. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट ती तोलत असते. 30 मिलिअँपिअरचा फरक पडला की तोडते. खडकाळ जागचे 0.7 अँपिअर म्हणजे 700 मिलिअँपिअर, तिच्यासाठी भरपूर. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2023 च्या सुरक्षा विनियमांप्रमाणे 2 किलोवॉट आणि त्यावरच्या जोडणीला असं गळती-संरक्षण लागतं. आधीच्या 2010 च्या विनियमांत ही मर्यादा सुरुवातीला 5 किलोवॉट होती. एक गिझर आणि एक एसी, एवढ्यातच 2 किलोवॉट ओलांडतात. पण आरसीसीबीलाही देव मानू नये. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल आला, तर तिला काहीच कळत नाही. तिच्या हिशेबी तुम्ही एक बल्ब असता.

‘आरसीसीबी सारखी पडते, काढून टाका’ असा सल्ला देणारे भेटतात. ती पडते तेव्हा बहुधा खरंच बोलत असते. दोन सर्किटांचे न्यूट्रल कुठेतरी एक झालेले असतात, इन्व्हर्टरचा न्यूट्रल भलत्याच पट्टीवर बसवलेला असतो, किंवा कुणीतरी सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात तुकडा मारून ठेवलेला असतो. हा शेवटचा जुगाड मला सगळ्यांत भयंकर वाटतो. अर्थची तार ओढायचा कंटाळा, म्हणून न्यूट्रललाच अर्थ म्हणायचं. टेस्टर लावला तर सगळं ठीक दिसतं. ज्या दिवशी मागे कुठे न्यूट्रल तुटतो, त्या दिवशी फ्रिजच्या दारावर 230 व्होल्ट येतात, बिघाड फ्रिजमध्ये नसताना.

आगीच्या बातम्यांत ‘शॉर्ट सर्किट’ हा शब्द हमखास असतो. 1 ऑगस्ट 2022 रोजी जबलपुरातल्याच दमोह नाक्याजवळच्या एका खासगी रुग्णालयाला आग लागून आठ जण गेले, तेव्हाही प्राथमिक माहितीत तोच शब्द होता. त्या आगीचा निवाडा मी इथे करत नाही. पण एमसीबी लावली म्हणजे आग लागणार नाही, असं मानणाऱ्यांनी ढिल्या जोडाचा हिशेब करून पाहावा: एक ओहमचा सैल जोड आणि दहा अँपिअर करंट, म्हणजे त्या एका ठिपक्यावर शंभर वॉट उष्णता. सोळाच्या एमसीबीला यात काहीच खटकत नाही. आणि ती पडते म्हणून तिच्या जागी बत्तीसची बसवली नि मागची तार दीड स्क्वेअरचीच ठेवली, तर तीही राखणदार उरत नाही. आग मग तारेपासूनच सुरू होते.

परवान्याबद्दलही घोळ आहे. आयटीआयचं प्रमाणपत्र म्हणजे शिक्षण झाल्याचा पुरावा; काम घेण्याचा परवाना नव्हे. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलणं अशी किरकोळ कामं वगळता बाकीची परवानाधारक ठेकेदाराकडून आणि सक्षमता प्रमाणपत्र असलेल्याच्या देखरेखीखालीच व्हायला हवीत.

अर्थिंगच्या खड्ड्यात टाकतात त्या मीठ-कोळशाचं सांगायचं राहिलं. मिठाने रोध उतरतो, हे खरंच. पण दोन-तीन पावसाळ्यांत ते वाहून जातं आणि जाता जाता जस्ताचा लेप चढवलेला लोखंडी पाइप खाऊन जातं. काळी माती तर उन्हाळ्यात आकसते, भेगाळते आणि पाइपची साथ सोडते. ऑगस्टमध्ये घेतलेलं माप मेमध्ये लागू पडत नाही. हे जुन्या नियमकर्त्यांनाही ठाऊक असावं. 1956 च्या इंडियन इलेक्ट्रिसिटी रूल्समध्ये वीजपुरवठादाराला आपल्या अर्थिंगची चाचणी दोन वर्षांतून एकदा तरी करायला सांगितलं होतं. कधी? कोरड्या ऋतूत, कोरड्या दिवशी.