यंत्रे एक झाली, भागधारकांचे काय?

घरात अब्बांच्या फोनला एक चार्जर आणि मुलीच्या फोनला दुसरा लागे, तेव्हा कोपऱ्यावरचा दुकानदार अडॅप्टर विकून चांगले कमवत होता. एकच चार्जर सगळ्यांना चालू लागला, आपली सोय झाली. त्याचे अडॅप्टर मात्र डब्यात पडून राहिले. संगणकाच्या धंद्यात हेच फार मोठ्या रकमांनी घडते. शेअर म्हणजे व्याज नव्हे, भागीदारी आहे, नुकसानही आपलेच. म्हणून सॉफ्टवेअर कंपनीत पैसे घालण्याआधी तिचा माल कोणत्या यंत्रावर चालतो, हे पाहिलेले बरे.

अॅपलचे उदाहरण घेऊ. तिचे मॅक संगणक पूर्वी पॉवरपीसी चिपवर चालत, बाकीचे बहुतेक घरगुती संगणक इंटेलच्या पद्धतीवर. मॅकवर विंडोज हवे असेल तर व्हर्च्युअल पीसी नावाचे सॉफ्टवेअर घ्यावे लागे. ते पॉवरपीसीकडून इंटेलची नक्कल करून घेई. काम होई, पण संथ. 2003 मध्ये मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतले. जून 2005 मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी मॅकही इंटेलवर नेणार असे जाहीर केले. एप्रिल 2006 मध्ये अॅपलने बूट कॅम्प आणले आणि विंडोज मॅकवर थेट चालू लागले. ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टने मॅकसाठीचे व्हर्च्युअल पीसी गुंडाळले. फट बुजली, तशी फटीवर जगणारा मालही गेला.

मायक्रोसॉफ्टच्या भागधारकाला याची झळ कमी, कारण मॅकवरही विंडोजची प्रत विकतच घ्यावी लागे. तेवढा एकच माल विकणारी छोटी कंपनी असती तर? अॅडोबीची अडचण निराळी होती. इंटेल मॅकसाठी बांधलेले फोटोशॉप एप्रिल 2007 मध्ये आले. तोवर जुनी आवृत्ती दुभाष्यामार्फत चालवावी लागे. अशा वेळी कंपनीचा खर्च आधी होतो, विक्री मागाहून येते.

नुसत्या घोषणेवर मात्र धावू नये. 1994 मध्ये अॅपल, आयबीएम आणि मोटोरोला यांनी सामाईक यंत्ररचना जाहीर केली होती. एकाच यंत्रावर मॅकची प्रणाली आणि विंडोज एनटी दोन्ही चालणार होत्या. 1997 पर्यंत मायक्रोसॉफ्टने पॉवरपीसीवरची एनटी सोडली होती, आणि त्याच वर्षी अॅपलने इतर कंपन्यांना मॅक बनवू देणेही थांबवले. तो बेत तिथेच बारगळला.

अमेरिकी कंपन्यांच्या वार्षिक अहवालात जोखमीचे एक प्रकरण असते. दुसऱ्यांच्या यंत्रांवर कंपनी किती विसंबून आहे, हे पुष्कळदा तिथेच लिहिलेले सापडते. नफ्याचे आकडे आम्ही त्यानंतर वाचतो.